सायन्सची रफ वही

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. बोलले तसंच ठेवलंय, फक्त "मागे ऐकू येतंय का" वगैरे गाळलंय.)

नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावापुढे "विज्ञान लेखिका" छापलंय ते जरा जडच आहे, मी आपली तीस वर्षं कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवली आणि २००९ पासून मराठीत ब्लॉग लिहिते, एवढंच. ब्लॉग म्हटलं की आता पोरं हसतात. "मॅडम, अजून ब्लॉग?" असं विचारतात, जसं काही मी अजून पाट्यावर वाटण वाटते. (वाटते कधीकधी, पण तो वेगळा विषय आहे.) तर आज मला सांगायचंय की या ब्लॉग नावाच्या प्रकारामुळे तुमच्या-माझ्यासारख्या माणसांचं आणि सायन्सचं नातं कसं आणि किती बदललं. मला वाटतं बदललं, बऱ्यापैकी बदललं, पण लोक समजतात तसं नाही. माहिती काय, आधीही मिळत होती. पेपरात पुरवण्या होत्या, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे, सृष्टिज्ञान मासिक तर १९२८ पासूनचं. त्याहून मागे जायचं तर बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये दिग्दर्शन काढलं, त्यात मराठीतून भौतिकशास्त्र, भूगोल, सगळं यायचं. माहितीची टंचाई होती म्हणून ब्लॉगनं क्रांती केली वगैरे मी नाही म्हणणार.

मी सुरुवात करते गणपतीपासून. म्हणजे २१ सप्टेंबर १९९५. समोर निम्मे लोक माझ्या वयाचे दिसतायत म्हणजे आठवत असेलच, गणपती दूध पितो! त्या दिवशी मी सासूबाईंबरोबर देवळात गेले होते, रांग पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, सगळ्यांच्या हातात स्टीलचे पेले आणि चमचे. मला पृष्ठताण माहीत होता, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो ते, केशाकर्षण माहीत होतं, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो ते, मी शिकवायचे ते. तरी माझा नंबर आला आणि चमच्यातलं दूध हळूहळू कमी होताना दिसलं तेव्हा पोटात काहीतरी हललं, खोटं कशाला बोलू. आणि मी गप्प बसले. सासूबाईंना तिथं काय सांगणार.

मग सरकारी शास्त्रज्ञांनी दिल्लीत दुधात रंग घालून दाखवलं, की बघा, दूध सोंडेवरून ओघळून मूर्तीच्या अंगावरून खाली जातंय, पांढऱ्यावर पांढरं म्हणून तुम्हाला दिसत नव्हतं. पेपरात चौकट आली, "पृष्ठताणामुळे". विषय संपला. पण मला खरं लक्षात राहिलंय ते आमच्या लॅबमधल्या शिपायाचं. त्यानं चौकट वाचली नव्हती. त्यानं सकाळी आल्या आल्या चमचाभर पाणी घेतलं आणि ते बेसिनच्या नळाच्या तोंडाला लावलं. मग पेपरवेटला. मग माझ्या टेबलावरच्या पुतळ्याच्या नाकाला. मग म्हणाला, "मॅडम, नळ पण पितोय की." मग त्याला शंका आली की पितळी नळ पितोय, पण प्लास्टिकचा पिईल का. आणि तो प्लास्टिकची बाटली शोधायला गेला.

हे जे त्याचं चाललं होतं ना, ते सायन्स. पेपरातली चौकट म्हणजे सायन्सचं उत्तर. शाळेत आपल्याला दोन वह्या असायच्या, एक रफ आणि एक फेअर. फेअर वहीत सगळं शाईनं, समास सोडून, उत्तराखाली दोन रेघा. रफ वहीत खाडाखोड, चुकलेली गणितं, मागच्या पानावर फुली-गोळा. बाईंना फेअर वही दाखवायची, रफ वही दप्तरात. सामान्य माणसाला आयुष्यभर सायन्सची फक्त फेअर वहीच दिसत आलीय. ब्लॉगनं काय केलं, तर काही थोड्या लोकांनी आपली रफ वही उघडी टाकली. ते चांगलं की वाईट, हे मला आज एका गोष्टीतून सांगायचंय. ती गोष्ट आहे सोमलाची.

सोमल म्हणजे आर्सेनिक. जुन्या गोष्टींमध्ये कोणीतरी खिरीत घालायचं ते. २०१० च्या नोव्हेंबरच्या शेवटी नासानं एक पत्रक काढलं, की २ डिसेंबरला पत्रकार परिषद आहे आणि परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करेल असा एक निष्कर्ष आम्ही सांगणार आहोत. एवढंच. आता असं पत्रक काढल्यावर काय होणार? चार दिवस इंटरनेटवर नुसती चंगळ. शनीच्या चंद्रावर जीव सापडला, मंगळावर सापडला, सरकार लपवत होतं, काय वाटेल ते. आपल्याकडे ती परिषद रात्री साडेबाराला होती. मी जागी राहिले, चहा करून बसले, नवरा म्हणाला मॅच आहे का.

तर परग्रह वगैरे काही नव्हतं. कॅलिफोर्नियात मोनो लेक नावाचं तळं आहे, खारट, अल्कलाइन, बाहेर जायला वाट नाही असं. त्याला मिळणारे ओढे लॉस एंजेलिस शहरानं १९४१ पासून पिण्याच्या पाण्यासाठी वळवले, तळं आटत गेलं, अजून खारट झालं. त्या पाण्यात आर्सेनिक भरपूर. तिथल्या गाळातून फेलिसा वुल्फ-सायमन या तरुण संशोधक बाईंनी एक बॅक्टेरिया वेगळा काढला आणि दावा केला, की हा जीव फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरून वाढतो. अगदी त्याच्या डीएनएमध्ये सुद्धा. बॅक्टेरियाचं नाव ठेवलं जीएफएजे-१, आणि त्याचा फुलफॉर्म काय माहितीये? गिव्ह फेलिसा अ जॉब. फेलिसाला नोकरी द्या! आमच्या तासिका तत्त्वावरच्या मुलींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या मॅडम, आम्ही पण एक बॅक्टेरिया शोधतो.

हा दावा किती मोठा होता ते सांगते. आपलं शरीर, झाड, बुरशी, कोणताही जीव घ्या, डीएनएचा जो लांबच लांब दोरा आहे त्याचा कणा साखर आणि फॉस्फेट, साखर आणि फॉस्फेट असा विणलेला असतो, फॉस्फेट म्हणजे फॉस्फरसचंच ऑक्सिजनशी जोडलेलं रूप. फॉस्फरसशिवाय जीव नाही, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकवतो. आर्सेनिक हे आवर्तसारणीत फॉस्फरसच्या बरोबर खालच्या घरात, दोघं दिसायला-वागायला सारखे, आणि म्हणूनच तर ते विष आहे, शरीर फसतं, फॉस्फेट समजून आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं तसंच रूप, आत घेतं आणि सगळा कारभार कोसळतो. आता एक जीव म्हणतोय की मला तो तोतयाच चालतो. म्हणजे जीवसृष्टीचा पायाच वेगळा असू शकतो! पेपर सायन्स या जर्नलमध्ये, बारा लेखक, मागे नासा. याच्यापेक्षा फेअर वही अजून काय असते?

मी त्याच रात्री पोस्ट लिहिली. पहाटे तीनला टाकली. काय भाषा होती विचारू नका, "पाठ्यपुस्तकं बदलावी लागणार" असं वाक्य होतं त्यात. सकाळपर्यंत माझ्या मानानं प्रचंड वाचक. शाळामास्तर, इंजिनियर, अमेरिकेतली आपली पोरं, सगळे खूश. आणि त्यात एक गृहस्थ, रसायनशास्त्रातले, त्यांनी खाली एकच ओळ लिहिली. "बाई, आर्सेनेटचा बंध पाण्यात टिकतो का?"

मी काय उत्तर दिलं? मी लिहिलं, "नासाला एवढं कळत नसेल का!"

तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारा म्हणून सांगितलेली बाई मी. ते उत्तर आजही तिथं आहे.

आता तिकडे काय झालं बघा. व्हँकुव्हरला, युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियामध्ये रोझी रेडफिल्ड म्हणून मायक्रोबायॉलॉजीच्या प्राध्यापिका, त्यांचा एक ब्लॉग होता. वाचक मोजकेच. त्या ब्लॉगवर त्या आपल्या लॅबमधलं काय चाललंय, कुठला प्रयोग फसला, काय कळत नाहीये, हे लिहायच्या, म्हणजे शब्दशः रफ वही. ४ डिसेंबरला त्यांनी हा पेपर घेतला आणि एकेक आकृती, एकेक आकडा धरून त्याची चिरफाड केली. मी ती पोस्ट वाचली तेव्हा मला घाम फुटला, कारण त्यांनी जे विचारलं होतं ते सगळं मी विचारू शकत होते. त्यात काही भारी गणित नव्हतं हो. मी प्रॅक्टिकलला पोरींना जे बोलते तेच होतं.

दोन मुद्दे सांगते फक्त. एक, त्या लोकांनी बॅक्टेरिया वाढवला ज्या मीडियममध्ये, म्हणजे त्याचं जे जेवण, त्यात आर्सेनेट घातलं होतं ४० मिलिमोलर, आणि फॉस्फेट घातलंच नव्हतं. पण आपण मीठ आणलं तरी त्यात थोडी माती असते, तसं त्यांच्या रसायनांमध्येच थोडं फॉस्फेट मिसळलेलं होतं, ३ मायक्रोमोलर (मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग), त्यांनी स्वतःच पेपरात लिहिलंय. त्यांचं म्हणणं एवढ्यावर काही वाढ होणार नाही. रेडफिल्डबाईंनी हिशोब मांडला की बाबांनो, जेवढी वाढ तुम्ही दाखवलीय तेवढ्याला हे फॉस्फेट पुरतं. संपलं. म्हणजे उपवास करतोय म्हणणारा माणूस रोज वाटीभर शेंगदाणे खात होता, आणि ते त्यानं डायरीत लिहूनही ठेवलं होतं, फक्त मोजले नव्हते.

दुसरा मुद्दा, डीएनए नीट धुतलाच नव्हता. डीएनए बाहेर काढल्यावर त्याला काय काय चिकटलेलं असतं, ते धुवायला लागतं, आमच्या एमएस्सीच्या मुली कॉलममधून दोनदा धुऊन घेतात. इथं जेलमधून, म्हणजे डीएनए वेगळा करायच्या खळीसारख्या थरातून, पट्टी कापून थेट मोजणी. मग त्या पट्टीत सापडलेलं आर्सेनिक डीएनएच्या आतलं की बाहेर चिकटलेलं, हे कसं कळणार? तांदूळ न धुता शिजवले आणि मग म्हटलं भातातच खडे उगवतात, तसं झालं हे.

आणि लगेच दुसऱ्या दिवशी आणखी एका ब्लॉगवर एका रसायनशास्त्रज्ञानं तो मुद्दा मांडला. कुठला? आमच्या गृहस्थांचा! आर्सेनेटचा असा बंध पाण्यात पातं लवायच्या आत तुटतो, फॉस्फेटचा लाखो वर्षं टिकतो. वुल्फ-सायमनच्या गटानं तर तो डीएनए पाण्यात ठेवला होता आणि त्याचे चांगले लांब लांब तुकडे मिळाले होते. आर्सेनिकचा असता तर भुगा झाला असता. मी तो लेख वाचला आणि लॅपटॉप मिटून भांडी घासायला गेले.

मग कार्ल झिमर या विज्ञान पत्रकारानं डझनभर तज्ज्ञांना विचारलं, ७ डिसेंबरला त्याचा लेख आला, आणि त्यात एका बाईंचं वाक्य मथळ्यातच होतं, की हा पेपर छापायलाच नको होता. पाच दिवस! पत्रकार परिषदेपासून पाच दिवस झाले होते फक्त.

यावर अधिकृत बाजूचं उत्तर मला फार बोलकं वाटतं. नासाच्या प्रवक्त्याचा सूर असा, की ही चर्चा जर्नलमध्ये व्हावी, मीडियात आणि ब्लॉगरांशी नको. संशोधकांनीही म्हटलं की जी टीका असेल ती आमच्या पेपरसारखीच पिअर रिव्ह्यू होऊन, म्हणजे छापायच्या आधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी तपासून, येऊ दे. ऐकायला बरोबर वाटतं ना? आणि एरवी मी सुद्धा हेच म्हणते, कोणीही उठून काहीही लिहील तर त्याला किंमत नाही. पण हो, तुम्ही जेव्हा हा दावा लोकांपुढे आणलात तेव्हा पत्रकार परिषद घेऊनच आणलात की. ढोल वाजवताना सगळं गाव चालतं, आणि हिशोब मागायला गाव आलं की म्हणायचं फक्त पंचांशी बोलू. हे नाही चालत. आणि इथं हिशोब मागणारे कोणी ऐरेगैरे नव्हते, त्याच विषयात आयुष्य घालवलेली माणसं होती, फक्त त्यांनी मागितला तो ब्लॉगवर, सगळ्यांदेखत.

जर्नलमधली चर्चा झाली, नाही असं नाही. सायन्सनं आठ आक्षेप छापले आणि लेखकांचं उत्तर छापलं. कधी? २०११ च्या मेअखेरीस. म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांनी. सहा महिन्यांत आपल्याकडे परीक्षा होऊन निकाल लागतो.

पण मला ज्यासाठी रेडफिल्डबाईंना मनापासून हात जोडावेसे वाटतात ते पुढचंय. टीका करून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी तो बॅक्टेरिया मागवून घेतला आणि स्वतःच्या लॅबमध्ये प्रयोग सुरू केला, आणि प्रयोगाची वही ब्लॉगवर, रोजच्या रोज. पहिल्यांदा तो वाढेच ना! म्हणजे ज्या कृतीनं वाढतो म्हणून पेपरात दिलंय त्या कृतीनं वाढत नाही. लोकांनी खाली सुचवायला सुरुवात केली, हे करून बघा, ते करून बघा. मग थोडं ग्लुटामेट, म्हणजे एक अमिनो आम्ल, घातल्यावर वाढायला लागला. कुठल्या नळीत काय घातलं, कुठली फेकून द्यावी लागली, काय मोजायचं राहिलं, सगळं. मी ते रोज वाचायचे. माझ्या सेकंड इयरच्या मुली वाचायच्या, डबा खाताना. त्या वर्षी मला कंट्रोल म्हणजे काय हे शिकवावं लागलं नाही, म्हणजे जे तपासायचं तेवढंच वगळून, तुलनेसाठी शेजारी केलेला प्रयोग. एरवी तीन तास जातात आणि तरी परीक्षेत लिहितात की कंट्रोल म्हणजे प्रयोग आटोक्यात ठेवणे.

मग त्यांनी वाढवलेल्या बॅक्टेरियाच्या डीएनएची मोजणी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी केली. व्यवस्थित धुऊन. आर्सेनिक डीएनएच्या आत सापडलं नाही. तो पेपर ८ जुलै २०१२ ला सायन्समध्येच आला, आणि त्याच दिवशी झुरिकच्या एका गटाचाही, की हा जीव आर्सेनिक सहन करतो, पण जगायला त्याला फॉस्फेटच लागतं, थोडं का होईना. नंतर त्याच वर्षी अजून एक काम आलं, ते मला सगळ्यात आवडतं, की या बॅक्टेरियाकडे फॉस्फेट ओढून घेणारं जे प्रोटीन आहे ते आर्सेनेटपेक्षा फॉस्फेटला साधारण साडेचार हजार पट पसंत करतं. म्हणजे आर्सेनिकच्या पुरात हा पठ्ठ्या फॉस्फेटचा एकेक कण वेचत बसला होता. खरी गोष्ट मूळ दाव्यापेक्षा जास्त सुंदर निघाली, पण तोपर्यंत पत्रकार निघून गेले होते.

मूळ पेपर सायन्सनं मागे घेतला २४ जुलै २०२५ ला. साडेचौदा वर्षांनी. कोणी फसवणूक केली असं म्हटलं नाही त्यांनी, प्रयोगांमधून तो निष्कर्ष निघत नाही एवढंच म्हटलं, आणि लेखकांना ते मान्य नाही. त्यावरही वाद आहेतच, की नुसती चूक असलेला पेपर मागे घ्यायचा का, मग जर्नलं रिकामी होतील. माझं मत असं की राहू द्यायला हवा होता, वर मोठा शिक्का मारून. खाडाखोड दिसू दे की.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जड जाते बोलायला. फेलिसा वुल्फ-सायमन. त्यांचा निष्कर्ष चुकला, त्याची चर्चा झाली, ठीक आहे. पण इंटरनेटवर लोक पेपरवरून बाईवर घसरले. तिचं बोलणं, तिचं दिसणं, ती किती मिरवते, सगळं. २०११ मध्ये टाइमच्या प्रभावी शंभर माणसांच्या यादीत तिचं नाव आलं आणि त्याच वर्षी ती ज्या लॅबमध्ये होती ती तिला सोडावी लागली, संशोधनातली वाट बरीच वर्षं जवळजवळ बंदच झाली. बारा लेखक होते, पिअर रिव्ह्यूवर तज्ज्ञ होते, संपादक होते, पत्रकार परिषद ठरवणारे अधिकारी होते. नाव लक्षात राहिलं ते एकीचं, सगळ्यात कच्च्या नोकरीवर असलेलीचं. रेडफिल्डबाईंच्या आकडेमोडीचा यात दोष आहे असं मी म्हणत नाही, त्यांनी प्रश्न पेपरलाच विचारले होते. पण उघड्या वहीभोवती गर्दी जमली की गर्दीतले सगळेच गणित बघायला आलेले नसतात. माझ्या त्या पहाटेच्या पोस्टखाली सुद्धा नंतर लोकांनी तिच्यावर जे विनोद केले ते मी बरेच दिवस काढले नाहीत. उशिरा काढले.

एक चांगलं उदाहरण पटकन सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई फक्त भांडणंच सांगते. टिम गॉवर्स, केंब्रिजचे गणिती, फील्ड्स मेडल म्हणजे गणितातला सगळ्यात मोठा मान मिळालेले. २००९ च्या जानेवारीत त्यांनी ब्लॉगवर विचारलं, की खूप जणांनी मिळून एकच गणित सोडवता येईल का? आणि १ फेब्रुवारीला सुरू केलं. गणित आपल्या फुली-गोळ्याच्या जातीचं होतं, पण कितीही मितींच्या पाटीवरचं, की एकही अख्खी रेघ पूर्ण न होता जास्तीत जास्त किती घरं भरता येतील. उत्तर आधी माहीत होतं, पण फार अवघड वाटेनं, त्यांना सोपी वाट हवी होती. नियम असा की कोणी एकट्यानं कोपऱ्यात जाऊन विचार करत बसायचं नाही, छोटंसं सुचलं तरी लिहायचं, चुकीचं असलं तरी लिहायचं, बावळटपणाचं वाटलं तरी लिहायचं. टेरेन्स टाओ होते त्यात, ते पण फील्ड्स मेडलवाले गणिती, आणि एक शाळामास्तरही होते. सदतीस दिवसांत सत्तावीस लोकांनी आठशेच्या आसपास नोंदी लिहिल्या आणि गॉवर्सनी सांगितलं, बहुतेक सुटलं. पेपर निघाला पॉलिमॅथ या टोपणनावानं.

मला त्यातलं गणित नव्वद टक्के कळलं नाही. पण फील्ड्स मेडलवाला माणूस सकाळी काहीतरी लिहितो आणि संध्याकाळी "माझं सकाळचं चुकलं" असं लिहितो, हे मी डोळ्यानं पाहिलं. आपल्याकडे साधा विभागप्रमुख असं म्हणताना ऐकलाय का कोणी? मी तरी विभागप्रमुख असताना म्हटलं नव्हतं.

आता घरच्या तळ्यावर येऊ. लोणार. उल्का आदळून झालेलं, बुलढाण्यातलं आपलं तळं, ते सुद्धा मोनो लेकसारखंच, खारं, अल्कलाइन, पीएच दहाच्या आसपास, बाहेर वाट नाही. २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाऊन चालू, आणि लोणारचं पाणी गुलाबी झालं. आठवतंय ना फोटो? माझ्या फोनवर एका दिवसात सतरा वेळा आला. सोबत काय काय, लॉकडाऊनमुळे निसर्ग शुद्ध झाला, राक्षसाचं रक्त वर आलं, उल्केतलं काहीतरी जागं झालं. लोणारची लवणासुराची कथा आहेच, ती मला आवडते, पण ती कारण म्हणून फॉरवर्ड व्हायला लागली होती.

वनखात्यानं नमुने पाठवले, नागपूरला नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याला आघारकर संशोधन संस्थेकडे. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत विषय गेला होता. आघारकरचं उत्तर आलं की हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव, ते गुलाबी रंगद्रव्य बनवतात, कडक उन्हानं बाष्पीभवन वाढलं, पाणी कमी झालं, खारटपणा वाढला, यांची पैदास झाली. पेपरात आलं, चौकट, विषय संपला. पण तुम्ही त्या संस्थेच्या लोकांची तेव्हाची मुलाखत नीट वाचली तर त्यात एक गंमत होती. ते म्हणाले, आम्हाला आधी वाटलं होतं की लाल शैवाल असणार. तपासलं तर वेगळंच निघालं. आणि पाणी ठेवून दिलं तर जीव तळाशी बसतात आणि वरचं पाणी स्वच्छ होतं, म्हणजे पाणी गुलाबी नाहीच, जीव गुलाबी आहेत.

बघा, हे "आधी वाटलं होतं" जे आहे ना, त्याच्यासाठी मी ब्लॉग लिहिते. मी त्या वेळी तेवढ्यावरच पोस्ट लिहिली. शैवाल का वाटलं असेल, मग हॅलोआर्किया कसे ओळखले असतील, तुमच्याकडे मिठागराचं पाणी असेल तर काचेच्या ग्लासात ठेवून बघा. मालवणहून एका मुलानं आणि उरणहून एका आजींनी ग्लासाचे फोटो पाठवले. आजींच्या ग्लासात काहीच झालं नाही, नुसतं गढूळ पाणी. त्यांनी लिहिलं, "माझा प्रयोग फसला, पण फोटो पाठवते." यापेक्षा चांगला रिपोर्ट मला कोणत्याही विद्यार्थ्याकडून आलेला नाही.

तुम्ही म्हणाल वाचक किती? खरं सांगू, त्या पोस्टला काही शे. सतरा वेळा आलेल्या त्या राक्षसाच्या फोटोला लाखो असतील. हा हिशोब मला माहितीये. आणि रील्स करा म्हणून मला सांगतात, केल्या मी दोन, भाचीनं शूट केल्या. साठ सेकंदात उत्तर सांगता येतं, "आधी मला असं वाटलं होतं, मग असं झालं" हे सांगायला जागाच उरत नाही, आणि नंतर चूक सापडली तर रीलच्या समासात लाल शाईनं लिहिणार कुठं? ती काढून टाकावी लागते. पुन्हा फेअर वहीच झाली की. भाची म्हणते मावशी तू पार्ट टू कर. करेन कदाचित.

नारळीकर सरांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. मुलं सही मागायला यायची तर ते म्हणायचे, सही नको, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन, त्याखाली सही असेल. किती साधी युक्ती! सही हवी तर आधी प्रश्न पडायला पाहिजे. पोस्टकार्ड पन्नास पैशांचं आणि जागा जेमतेम दहा ओळींची, तरी पोरं लिहायची. आमच्या ओळखीतल्या एका मुलाकडे तसं कार्ड आहे, तो आता बँकेत आहे, सायन्सशी काही संबंध नाही, पण ते कार्ड त्यानं लॅमिनेट करून ठेवलंय आणि त्याचा प्रश्न त्याला अजून तोंडपाठ आहे. उत्तर विचारलं तर म्हणाला, ते वाचावं लागेल.

आता माझ्या त्या पोस्टचं काय झालं ते सांगून थांबते. ती मी काढलेली नाही. "पाठ्यपुस्तकं बदलावी लागणार" या वाक्यावर रेघ मारलीय, पण वाचता येतं. वर तीन तारखा आहेत. ८ डिसेंबर २०१०, "मी घाई केली, का ते खाली वाचा." मग जुलै २०१२. आणि मग गेल्या वर्षीची, जुलै २०२५. त्या दिवशी संध्याकाळी मला त्या रसायनवाल्या गृहस्थांचा मेसेज आला. आता ते रिटायर झालेत, मुलाकडे नाशिकला असतात. पंधरा वर्षांत आमची एकदाही भेट नाही. मेसेज एवढाच होता, "बाई, पेपर मागे घेतला. पण ग्लुटामेट का लागलं होतं, ते कुठं नीट वाचलंत का?"

मी नाही वाचलेलं. शोधतेय.

बरं, माइक जरा मागे द्या, ते निळ्या शर्टातले काका लोणारपासून हात वर करून बसलेत.